गव्हावरील तांबेरा: थंडीपेक्षा दवाकडे लक्ष द्या

कडाक्याची थंडी गव्हाला मानवते, फुटवे तिच्यातच धरतात. खरी काळजी आभाळ भरून आल्यावर, पहाटे धुके पडू लागल्यावर. तांबेरा हा बुरशीचा रोग. त्याचा बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बीज) पानावर नुसता पडून रुजत नाही. त्याला पान सलग सहा-आठ तास ओले हवे आणि हवा फार गार नको. नारिंगी तांबेरा १५ ते २५ अंशांत फोफावतो. उघडिपीत उन्हाने दव लवकर उडते. ढगाळ हवेत दहा वाजून गेले तरी पाने ओलीच असतात.

लागण झाल्यावर फोड दिसायला साधारण ८ ते १० दिवस जातात. म्हणून आभाळ निवळले की निर्धास्त होऊ नका, उलट त्यानंतरचा आठवडा रोज बांधावरून नव्हे, पिकात शिरून पाहा. पानावरचा ठिपका बोटाने चोळा. विटकरी भुकटी बोटाला लागली तर तांबेरा. नुसता पिवळेपणा बहुधा नत्राच्या कमतरतेचा किंवा साचलेल्या पाण्याचा असतो. पंजाबातल्या पिवळ्या तांबेऱ्याचे व्हिडिओ पाहून घाबरू नका, त्याला १०-१५ अंशांचा गारवा बराच काळ लागतो. आपल्याकडे तो टिकत नाही.

आपला जुना वैरी काळा तांबेरा. तो खोडावर लांबट, गडद फोड आणतो आणि त्याला ऊब आवडते. आपल्या उन्हाळ्यात हे बीजाणू जगत नाहीत. ते दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तग धरतात आणि नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्यावर इकडे येऊन पावसासोबत शेतात उतरतात. उशिरा पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात अजून हिरवाच असतो, त्यामुळे फटका त्यालाच जास्त. अशा पेरणीत तांबेऱ्याला बळी पडणारे जुने वाण माझ्या मते घेऊच नयेत.

ढगाळ हवेत तुषार सिंचन संध्याकाळी लावू नका. पान रात्रभर ओले राहते. पाळी द्यायचीच तर सकाळी उशिरा. युरियाचा जादा हप्ताही या दिवसांत नको. दाट, लुसलुशीत पिकात ओल कोंडते. (मावाही याच हवेत वाढतो, पाने उलटून पाहा.)

पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, १० लिटर पाण्यात १० मिली, दव उडाल्यावर फवारा. ढगाळ हवा हटली नाही तर १५ दिवसांनी पुन्हा. वरचे शेवटचे पान वाचवणे महत्त्वाचे, दाणा मुख्यतः त्याच्यावरच भरतो. दाणे घट्ट झाल्यावर मात्र औषधावर पैसे घालवू नका. फवारणी आणि काढणीत किती दिवस सोडायचे, ते बाटलीवरच्या लेबलवर वाचून घ्या.