टायरमध्ये हवा किती भरावी? पावसाळ्यात कमी तर करूच नका

पावसाळा लागला की ‘हवा दोन-चार पॉइंट कमी ठेव, गाडी घसरणार नाही’ असा सल्ला मिळतो. तो मानू नका. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जात नाही, आणि हायवेवर पाणी साचलेल्या जागी गाडी कमी वेगातही तरंगते. तेव्हा स्टिअरिंगही लागत नाही आणि ब्रेकही.

योग्य आकडा गाडीवरच असतो. कारमध्ये तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत सापडतो. स्कूटरचा आकडा स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये. टायरच्या बाजूवर लिहिलेला ‘मॅक्स’ आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. स्टिकरवर किलोपास्कल असेल तर ६.९ ने भागा: २३० म्हणजे ३३ पीएसआय, पंपावरच्या बोलीत ३३ पॉइंट. पूर्ण भाराचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. चवथीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन चोर्ला घाट चढायचा असेल, तर निघण्याआधी तो आकडा बघून भरा. स्कूटरवर मागे कोणी बसणार असेल तरी तसंच.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. म्हापशाहून पणजीला पोचून मोजलीत तर काटा ३ ते ५ पॉइंट जास्त दाखवू शकतो. ती ‘जादा’ हवा सोडू नका, नाहीतर सकाळी टायर कमी भरलेला असेल. गरम टायरही स्टिकरपेक्षा कमी दाखवत असेल, तर स्टिकरहून तीनेक पॉइंट जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी थंड टायर तपासून नेमकी करा.

एकच टायर आठवड्या-आठवड्याला उतरतोय? नुसती हवा भरत राहू नका. खिळा दिसत नसेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले की आतली पिन बदलायची, काम दोन मिनिटांचं. किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने स्टीलच्या रिमची कड गंजते आणि तिथूनही हवा झिरपते; टायर उतरवून गंज घासून घ्यावा लागतो. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर लगेच नवी लावा, लाल माती आत गेली की पिन नीट बसत नाही.

दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. दर पंधरा दिवसांनी मोजा, स्टेपनीसकट.