गाडी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी हे मोजून बघा

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, पण इंजिन ढिम्म. अशा वेळी सगळे आधी बॅटरीवर ठपका ठेवतात. दोष तिचा असेलही, पण साध्या डिजिटल मल्टिमीटरने घरीच शहानिशा करता येते.

गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, अंगठी-कडं काढा. मीटर डीसी २० व्होल्टवर, त्याच्या दोन पिना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर (टर्मिनलवर). काही तास बंद असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ दिसले तर ती उतरली आहे, आधी चार्ज करा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा त्या वेळी ९.६ च्या खाली कोसळला, तर तिच्यात दम उरलेला नाही.

आकडा टिकला, तरी नुसतं ‘टक’ होतंय? टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून साफ करा. टर्मिनलवरच्या वायरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की शॉर्ट झालाच म्हणून समजा.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करतच नाहीत: अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या वायरची. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा (वायरच्या पकडीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थची वायर किंवा तिचा नट सैल आहे, नाहीतर गंजलाय. वरून वायर धडधाकट दिसते, म्हणून तर ती नजरेतून निसटते. अर्थिंगही चोख निघालं, तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) आणि त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) उरतात.

गाडी सुरू होते पण बॅटरी वारंवार उतरते? इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा साडेबाराच्या पुढे सरकतच नसेल, तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा बेल्ट बघा. बाही आणि वायरी पंख्यापासून लांब ठेवा.

इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, तेव्हा फ्यूज बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर वायरिंग जळेल. इंधन पंपाच्या रिलेची शंका असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघता येतो. ठिणगी पाहण्यासाठी प्लगची वायर मात्र उपटू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड दाखवणारा स्कॅनर असेल तर ते वाचा, पण कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच नवा सेन्सर आणू नका. आधी त्याचा कनेक्टर काढून पिना बघा.