आयआरएफ ५१० वापरून ४० मीटर हॅम बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) पाच वॉटचा आरएफ (रेडिओ सिग्नलचा) अँप्लिफायर

आधीच सांगतो, हॅम (म्हणजे हौशी रेडिओचं) लायसन्स नसेल तर हे अँटेनाला जोडायचं नाही. आणि एफएम बँडवर चालेल का विचारणाऱ्यांनो, नाही, तो नाद सोडा.

आयआरएफ ५१० हा खरं तर स्विचिंगचा मॉसफेट, पण ७ मेगाहर्ट्झला मस्त चालतो आणि स्वस्त आहे, म्हणजे उडाला तरी रडू येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन-चार जास्तीचेच घेऊन ठेवा. त्याला गेट, ड्रेन, सोर्स असे तीन पाय; मागचा धातूचा टॅब म्हणजेच ड्रेन, त्यामुळे हीटसिंकवर बसवताना मधे मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश हवंच, नाहीतर सप्लाय डायरेक्ट शॉर्ट.

गेटला इनपुट ०.१ मायक्रोफॅरडमधून द्या, बायस (गेटला लागणारं स्थिर डीसी व्होल्टेज) ४७ ओहममधून. बायससाठी ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) आणि १० केचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर), त्याच्या मधल्या पायावरून ग्राउंडला अजून एक ०.१. ड्रेनला एफटी५०-४३ फेराइट रिंगवर दोन वायरी एकत्र पिळून १० वेढे, एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचा, तो जोड ड्रेनला, एक टोक १२ व्होल्टला (तिथेच ग्राउंडला ०.१) आणि दुसऱ्या टोकातून ०.१ लावून आउटपुट.

आता त्या आउटपुटनंतरचा फिल्टर. बरेचजण इथेच कंटाळा करतात आणि मग हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट नको असलेले सिग्नल) १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर बोंबलत फिरतात. कपॅसिटर ओळीने २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड, सगळे ग्राउंडला, आणि त्यांच्या मधे टी३७-६ पिवळ्या रिंगवर २१, २४, २१ वेढ्यांच्या कॉइल. वायर भोकातून एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजत बसू नका. कपॅसिटर एनपीओ किंवा सिल्व्हर मायकाच घ्या, साधे डिस्कवाले गरम होतात.

पॉवर द्यायच्या आधी प्रीसेट पूर्ण शून्यावर, सप्लायच्या लाइनमधे फ्यूज आणि मीटर, मग अगदी हळू फिरवा, बराच वेळ काहीच होत नाही आणि गेटवर ३-४ व्होल्टच्या आसपास करंट एकदम उचल खातो, ८० मिलीअँपला थांबा. पाच मिनिटांनी परत बघा, गरम झाल्यावर वाढतो.

डमी लोडला (चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा लोड) १ के एक वॉटचे २० रेझिस्टर पॅरलल, वायरवाउंड नकोत. १५०-२०० मिलीवॉट ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) द्या, लोडवर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून डीसी मोजा, २२ व्होल्ट आले की जवळपास पाच वॉट. कमी आले तर फिल्टरच्या कॉइलचे वेढे थोडे फाकवून किंवा जवळ सरकवून बघा.