मीटिंगमध्ये बोलायची भीती घालवायला थेरपी घेताय? मग या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत मीटिंगला घाबरणारे पुष्कळ असतात. कामात हुशार, मशिनवरच्या माणसाशी मोकळेपणानं बोलणारे, रंकाळ्यावर मित्रांत तासभर गप्पा मारणारे. पण मीटिंगमध्ये साहेबांनी नुसतं नाव घेतलं तरी घसा कोरडा पडतो आणि माहीत असलेलं उत्तर तोंडातून बाहेर येत नाही. घरचे म्हणतात, "एवढा बोलतोस की, तुला कसली भीती?" भीती आहे, आणि ती थेरपीनं कमी होते. पण थेरपी चालू असताना लोक त्याच त्या चुका करतात आणि मग "मॅडम, काही फरक नाही" म्हणून मधेच सोडून जातात. याचा मला मनापासून त्रास होतो.

पाठ करून जाणं

ही सगळ्यात मोठी चूक. एका फौंड्रीत (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) क्वालिटीला असलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची छिद्रं, येत होते, रिजेक्शन वाढलं होतं. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त राहतोय, हे त्याला सँड टेस्टिंगच्या रजिस्टरवरून आधीच कळलं होतं. आदल्या रात्री बसून त्यानं सगळं इंग्रजीत लिहून काढलं आणि घोकलं. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला साहेबांनी क्रम बदलला. पहिला प्रश्न त्यालाच, तोही मराठीत: "काय रे, वाळूचं काय चाललंय?" पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवेना, म्हणून पुढचं एकही आठवेना. "बघून सांगतो सर" म्हणाला आणि गप्प झाला. खापर मेल्टिंगवाल्यांवर फुटलं, आणि खराब माल निघतच राहिला.

त्यानं यातून काय धडा घ्यावा? "माझं पाठांतर कमी पडलं." खरी अडचण इथंच आहे.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीती टिकून कशी राहते, याची मांडणी केली. वाक्यं घोकणं, फाईलमध्ये डोकं घालणं, भरभर बोलून मोकळं होणं, हात थरथरलेला दिसू नये म्हणून ग्लास घट्ट धरणं, या सगळ्या भीतीपासून वाचायच्या खटपटी. त्यांना सेफ्टी बिहेविअर म्हणतात. त्यांच्यामुळे लक्ष समोरच्या प्रश्नावर न राहता स्वतःवर जातं. ग्लास घट्ट धरला की हात जास्तच थरथरतो. आणि मीटिंग नीट पार पडली तरी मन म्हणतं, "पाठ केलं होतं म्हणून वाचलो." भीतीला खोटं ठरायची संधीच मिळत नाही.

माझी सवय सांगते. मी कागदावर तीन शब्दच लिहू देते. त्या मुलाचे होते: ब्लोहोल, ओलावा, रीडिंग. मग त्याच्याकडून दोनदा बोलून घेते, एकदा सगळ्या खटपटी करून, एकदा त्या सोडून, आणि दोन्हींचा व्हिडिओ काढते. बघण्याआधी लिहून घेते: "कसा दिसेन असं वाटतंय?" त्यानं लिहिलं, चेहरा लाल, आवाज पार कापरा. व्हिडिओत कापरा आवाज शोधावा लागला. पुढे एका मीटिंगला तो मराठीतच म्हणाला, "सर, ओलावा जास्त येतोय, रजिस्टर बघा." छातीत धडधड होतीच. साहेबांनी रजिस्टर मागवलं.

घाई

"सोमवारी प्रेझेंटेशन आहे, शनिवारी एका सिटिंगमध्ये काहीतरी करून द्या." असं काही नसतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या भीतीसाठी मोठ्या माणसांना पहिली पसंती वैयक्तिक सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या थेरपीला, दिलीय. क्लार्क-वेल्स पद्धतीनं ती साधारण चार महिन्यांत, दीड-दीड तासाची १४ सत्रं अशी आखलेली असते. तिसऱ्या सत्रालाच "गुण येईना" म्हणणाऱ्यांना मी हे शांतपणे सांगते, पण शॉर्टकटचा हा हट्ट मला अजिबात आवडत नाही.

याच घाईतून लोक थेट डायरेक्टरांपुढं उभं राहायला जातात, फजिती झाली की आणखी मिटतात. मी छोट्या पायऱ्या करायला लावते. कपिलतीर्थ मंडईत भाव विचारायचा आणि काही न घेता पुढं जायचं. कँटीनमध्ये सीनियरला एक शंका विचारायची. मीटिंगमध्ये फक्त आकडे वाचून दाखवायचे. नंतर एक प्रश्न. मग कधीतरी, "सर, मला वेगळं वाटतं." प्रत्येक पायरीआधी काय होईल असं वाटतंय ते लिहायचं, नंतर काय झालं ते लिहायचं. हे लिहिणं टाळलं तर अर्धा फायदा गेला. मंडईतच अडकून राहू नका मात्र. भीती मीटिंगची आहे, तर सराव शेवटी मीटिंगमध्येच व्हायला हवा.

बाकीच्या चुका

मित्राची धडधडीची गोळी मागून घेणं. प्रोप्रॅनोलॉलनं थरथर कमी होते हे खरं, पण दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्या.

आदल्या रात्री "थोडी" घेणं. नको.

प्रेरणादायी रील बघणं म्हणजे थेरपी नव्हे.

दिलेला सराव केला नसेल तर लपवू नका. "जमलं नाही" एवढं सांगितलं तरी कुठं अडलं ते शोधता येतं. खोटं सांगितलं की दोघांचाही तास वाया.

मीटिंग संपल्यावर घरी जाईपर्यंत "मी असं का बोललो" उगाळत बसणं. यानं पुढच्या मीटिंगची भीती आजच तयार होते. मी म्हणते, काय झालं ते दोन ओळींत लिहा आणि वही मिटा.

आणि एक, ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही. तुमचा साहेब चारचौघांत खरोखरच अपमान करत असेल, तर ते थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. अपमान सहन करायची ताकद वाढवणं हे थेरपीचं काम नाही. तिथं वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे लेखी जायचं की नोकरी बदलायची, याचा विचार करावा लागतो.

खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. मानसिक आरोग्याच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर "मला मीटिंगमध्ये बोलता येत नाही" एवढंच सांगा, पुढचे प्रश्न ते विचारतील.