मेंढीचं रवंथ आणि ॲड्रेनॅलिन: प्रयोग मांडताना

मेंढीला सुई टोचली की तिच्या स्वतःच्या, मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन सुटतं आणि रवंथ थांबतं. सिरिंजमधलं ॲड्रेनॅलिन आत जायच्या आधीच प्रयोग फसलेला असतो. म्हणून मानेच्या शिरेतली नळी आदल्या दिवशी बसवा, तिला लांब एक्स्टेंशन जोडा आणि औषध मेंढीच्या नजरेआड बसून द्या. पिंजऱ्याची सवय व्हायला किमान दोन आठवडे जाऊ द्या. एकटी मेंढी बिथरते, समोर दुसरी दिसेल अशीच बांधा.

निरोगी मेंढी दिवसाकाठी आठेक तास रवंथ करते. वर आलेला घास पाऊण-एक मिनिट चघळते, गिळते आणि काही सेकंदांत मानेवरून पुढच्या घासाची लाट वर चढताना दिसते. सलग पाच घास नीट मोजून झाल्यावरच औषध द्या. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागचा खोलगट भाग) स्टेथोस्कोप ठेवून रुमेनची, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, आकुंचनं (मिनिटाला साधारण एक-दोन) वेगळी नोंदवा. ही दोन मोजमापं एकत्र करणं ही नवख्यांची नेहमीची चूक. घास वर यायला रेटिक्युलमचं (रुमेनला लागून असलेल्या छोट्या कप्प्याचं) एक जादा आकुंचन लागतं, त्यामुळे रुमेन पुन्हा हलू लागला तरी रवंथ बंदच असू शकतं.

ॲड्रेनॅलिनच्या एका मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिग्रॅ औषध असतं. त्यात ९ मिली सलाइन घातलं की एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम होतात. किलोला १ मायक्रोग्रॅम धरला तर ४० किलोच्या मेंढीला ०.४ मिली. एवढंसं औषध नळीतच अडकतं आणि पुढच्या सलाइनबरोबर अवेळी आत जातं, तेव्हा मागोमाग लगेच ५ मिली सलाइन सोडा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढंच नुसतं सलाइन त्याच वेगाने द्या. ही तुलना नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. गुलाबी किंवा तपकिरी झालेलं द्रावण फेकून द्या.

ॲड्रेनॅलिनचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. रक्तदाब चढल्यावर हृदयाचे ठोके उलट मंदावू शकतात, तो दाबाला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. औषधशास्त्रज्ञ अल्क्विस्टने १९४८मध्ये ॲड्रेनॅलिनचे अल्फा आणि बीटा ग्राहक (पेशींवरचे रिसेप्टर) वेगळे दाखवले. आपल्या कामात त्याचा थेट उपयोग होतो. आधी फेंटोलामाइन देऊन अल्फा बंद करा, दुसऱ्या दिवशी प्रोप्रॅनोलॉल देऊन बीटा, आणि दोन्ही दिवशी त्यानंतर ॲड्रेनॅलिन द्या. कोणत्या दिवशी रवंथ टिकतं, ते पाहा.

झायलाझिन या गुंगीच्या औषधाला मात्र जपूनच हात लावा. ते अल्फा-२ ग्राहकांवर काम करतं आणि रुमेन बराच वेळ थंडावतो. ढेकर बंद होते, वायू साठतो, डावी भकाळी ताणून फुगते. मेंढ्यांत याने फुप्फुसांत पाणी भरून रक्तातला ऑक्सिजन घसरू शकतो, गुंगी हलकी वाटली तरी. बाटली मिलीला २० मिग्रॅची आहे की १०० मिग्रॅची, हे मोठ्याने वाचा. किलोला ०.१ मिग्रॅप्रमाणे ४० किलोच्या मेंढीला २०च्या बाटलीतून ०.२ मिली लागतं, १००च्या बाटलीतून फक्त ०.०४. मेंढी छातीवर बसलेली ठेवा, तोंड उताराकडे असू द्या म्हणजे लाळ बाहेर पडेल. पोटात घालायची नळी आणि झायलाझिनचा परिणाम उलटवणारा उतारा म्हणून योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल हाताशी ठेवा. उतारा दिल्यावरही भकाळीवर आकुंचन ऐकू येऊन ढेकर सुरू होईपर्यंत मेंढीजवळून हलू नका.