पुष्यातला तारकागुच्छ एम ४४ : शोधायचा कसा, पाहायचा कशातून

एम ४४ (मेसिए यादीतला ४४ क्रमांक) हा खुला तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा सैलसर समूह, मोठ्या दुर्बिणीतून जितका हुकतो तितका बायनॉक्युलरमधून हुकत नाही. कारण साधं आहे: त्याचा विस्तार सुमारे दीड अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या तिप्पट.

फेब्रुवारी ते एप्रिल, चंद्र नसलेली रात्र निवडा. पुनर्वसूच्या जोडीतला जास्त तेजस्वी तारा आणि मघा यांना जोडणारी रेषा मनात ओढा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. पुनर्वसूपासून मघेकडे दीड मूठ जा आणि रेषेच्या किंचित दक्षिणेला पाहा. अंधाऱ्या आकाशात तिथे धुरकट डाग दिसतो. एकूण प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा फिका) ३.७ असली तरी यातला सर्वांत ठळक ताराही सहाव्या प्रतीच्या खालीच, म्हणून नुसत्या डोळ्यांना सुटे तारे दिसत नाहीत. थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवलीत तर डाग उठून दिसेल. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं द्या; मधे मोबाइल उघडलात की पुन्हा पहिल्यापासून.

शहरातल्या आकाशात डाग दिसणारच नाही. तिथे बायनॉक्युलर त्या जागेवर धरून हळूहळू फिरवा. ७×५० किंवा १०×५० (७ किंवा १० पट वर्धन, ५० मिमीचं भिंग) उत्तम. गुच्छाच्या पूर्वेला दोन तारे पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत, एकमेकांपासून सव्वातीन अंशांवर. त्यांतला दक्षिणेकडचा, चौथ्या प्रतीचा, हा पुष्याचा योगतारा, म्हणजे नक्षत्राची ओळख ठरवणारा मुख्य तारा. तिघंही एकाच दृष्टिक्षेत्रात आले की जागा बरोबर. हात थरथरतात, तारे रेघांसारखे हलतात, म्हणून आरामखुर्चीत मागे रेला आणि कोपर खुर्चीच्या हातांवर टेका. बहुतेक तारे पांढरे दिसतील, मधे मोजके नारंगी. ते शोधण्यातच खरी गंमत.

दुर्बिणच लावायची असेल तर हिशेब आधी करा. दुर्बिणीचं नाभीय अंतर (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतचं) १००० मिमी आणि नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) १० मिमीची असेल तर पहिल्याला दुसऱ्याने भागून वर्धन १००, दृष्टिक्षेत्र जेमतेम अर्धा अंश. अशा वेळी विखुरलेले पाच-दहा तारे दिसतात आणि बघणारा म्हणतो, 'इथे गुच्छ कुठे आहे?' ३२ मिमीची नेत्रिका लावली तर वर्धन ३१ आणि क्षेत्र दीड अंशाच्या थोडं वर; सगळा गुच्छ कसाबसा मावतो. त्याहून जास्त वर्धन इथे वाया जातं. गॅलिलिओने १६१० साली आपल्या छोट्या दुर्बिणीतून इथे चाळीसहून जास्त तारे मोजल्याचं छापलं होतं.

पुष्य क्रांतिवृत्तालगत (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गालगत) असल्याने चंद्र दर महिन्याला जवळून जातो. ती रात्र टाळा. ग्रहही अधूनमधून याच्या शेजारी येतात, त्यामुळे जागेवर 'नवा' ठळक तारा दिसला तर आधी पंचांग बघा.

एम ४४ सापडला की सुमारे आठ अंश दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे सरकत, एम ६७ हा दुसरा खुला तारकागुच्छ बघून घ्या. बायनॉक्युलरमध्ये तो सहाव्या प्रतीचा फिकट ठिपका दिसेल. याचं वय सुमारे चार अब्ज वर्षं, तर एम ४४ चं साठ-सत्तर कोटी. इथे मात्र दुर्बिणीचं जास्त वर्धन उपयोगी पडतं.