औषध-चाचणीसाठी संमती घेताना

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत भोर-मुळशीकडून आलेली माणसं सहज म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं." हा विश्वास झाला, संमती नव्हे.

एथिक्स कमिटीने (चाचणी रुग्णांच्या हिताची आहे का हे तपासणाऱ्या समितीने) मंजूर केलेलं मराठी माहितीपत्रकच वापरा. तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख तपासा. जुनी प्रत हाती येणं ही नेहमीची चूक. ओपीडीच्या गर्दीत उरकू नका, घरी विचारून यायला वेळ द्या. अनेक चाचण्यांत कोणाला कुठलं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं; तसं असेल तर हे स्पष्ट सांगा. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो.

मग "समजलं ना?" विचारू नका, मान डोलतेच. "आजी, नाही म्हणालात तर काय होईल?" असं विचारा. "इथली ट्रीटमेंट बंद कराल," असं उत्तर आलं तर सही घेऊ नका; पुन्हा पहिल्यापासून समजवा.

वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून हजर हवा. ऐन सहीला वॉर्डबॉयला बोलावणं चालत नाही. आजी शुद्धीवर, निर्णयक्षम असतील तर मुलाची सही त्यांच्याऐवजी चालत नाही, मग तो कितीही शिकलेला असो. ७ ते १८ वर्षांच्या मुलांचा स्वतःचा होकारही लागतो: १२ वर्षांखाली तोंडी, १२ पासून लेखी.

नवीन रेणूच्या (आधी मंजूर न झालेल्या नव्या औषधी रसायनाच्या) चाचणीत दुर्बल गटातली व्यक्ती असेल तर २०१९ च्या केंद्रीय औषध-चाचणी नियमांनुसार ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करा. सही केलेली प्रत रुग्णाच्या पिशवीत गेली का, तेही बघा.